फोटो क्लाउडवर चढवायचा क्रम: आधी मोजणी, शेवटी डिलीट

ओळखीतल्या एका काकूंनी घरच्या कॉम्प्युटरवरचे फोटो क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीच्या जागेला जोडले, फोल्डरवर हिरवी खूण आली, आणि "वर चढले नं सगळे, मग खालचे कायले ठेवू?" म्हणून त्यांनी खालचा फोल्डर डिलीट केला. रिसायकल बिनही रिकामी केली. संध्याकाळी मोबाइलवर पाहतात तर तिथलेही फोटो गायब! आठवड्याच्या आत फोन आला म्हणून क्लाउडच्या ट्रॅशमधून सगळं परत मिळालं. दीड महिन्याने आला असता तर मी काही करू शकलो नसतो.

असे फोन मला वर्षातून चार-सहा येतात. बटणं सगळ्यांना बरोबर दाबता येतात, क्रम चुकतो. खालचे टप्पे विंडोजच्या कॉम्प्युटरसाठी लिहिले आहेत. हे काम एका रविवारी होत नाही. तयारीला दोन संध्याकाळी आणि चढवायला काही रात्री लागतील, एवढं धरून चला.

सुरू करण्याआधी: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सिंक म्हणजे दोन ठिकाणं सारखी ठेवणं. इथे फोटो टाकला की तिथे जातो, इथला काढला की तिथलाही जातो. काकूंच्या बाबतीत प्रोग्रामने त्याचं काम चोख केलं होतं. बॅकअपमध्ये मात्र एका जागी काही बिघडलं, हरवलं, चुकून उडवलं, तरी दुसरी प्रत जागची हलत नाही. क्लाउडचे बहुतेक प्रोग्राम आपोआप सिंक करतात, त्यांच्याकडून बॅकअपचं काम आपल्याला करवून घ्यावं लागतं. सहाव्या आणि नवव्या टप्प्यात ते येईलच.

टप्पा १: विखुरलेले फोटो एका जागी आणा

डी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोज जिथे नाही तिथे, एक नवा फोल्डर करा. नाव काहीही द्या, मी "घरचे फोटो" ठेवतो. डी ड्राइव्ह नसेल तर सी ड्राइव्हवर करा, पण डेस्कटॉपवर नको. त्यात वर्षांचे फोल्डर आणि वर्षाच्या आत प्रसंगांचे. नावाची सुरुवात आकड्यांनी करा: "२०१९-०५ रामटेक", "२०२२-०८ मारबत". असं केलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात आणि "न्यू फोल्डर ३" च्या पोटात "न्यू फोल्डर ७" शोधत बसावं लागत नाही.

मग घरभर फिरा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, जुन्या मोबाइलमधून घाईने उतरवलेले फोल्डर, कपाटातलं कॅमेऱ्याचं कार्ड, पूजेच्या सामानाच्या डब्यात सापडणारा पेनड्राइव्ह, लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेल्या डीव्हीडी. डीव्हीडी असतील तर त्या आधी घ्या. त्या जुन्या होऊन वाचता येईनाशा होतात, आणि हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, कोणाकडून तरी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणावा लागेल.

सावध: फोटो हलवताना "कट" करू नका, फक्त "कॉपी". कट करून पेस्ट चालू असताना लाईन गेली तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे आणि एखादी फाइल कुठेच नाही, असा घोळ होतो. मूळ जागेवरचे फोटो नवव्या टप्प्यापर्यंत तसेच राहू द्या. जागा कमी पडत असेल तर तिसरा टप्पा आधी करा.

व्हॉट्सॲपचे फोटो वेगळ्या फोल्डरात ठेवा. फाइलच्या नावात "डब्ल्यूए" ही अक्षरं असतात, त्यावरून ते ओळखू येतात. हे फोटो दाबून लहान केलेले असतात आणि कधी, कुठे काढले ही आतली माहितीही त्यातून गेलेली असते. त्यामुळे तोच फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये मूळ रूपात असेल तर तो मागवा. आणि गुड मॉर्निंगची फुलं, सुविचार, गणपतीची तीच ती ग्राफिक्स आताच काढा. या सगळ्या कामात बिनधास्त डिलीट करायची मुभा मी एवढ्याच ठिकाणी देतो.

आधार, पॅन, पासबुक यांचे फोटोही इथून वेगळे करा. ते सगळ्या घराने पाहायच्या संग्रहात नकोत.

तपासा: तुमचा "पिक्चर्स" फोल्डर आधीच वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या आत गेला आहे का? नवा लॅपटॉप सुरू करताना दोन-तीनदा "नेक्स्ट" दाबलं की बऱ्याचदा हे होऊन जातं. फोल्डर उघडून वरचा पत्ता वाचा. त्यात वनड्राइव्ह दिसलं आणि फोटोंशेजारी निळ्या ढगाची खूण असेल तर ते फोटो तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीतच, फक्त त्यांची नावं आहेत. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडा, सगळे खाली उतरू द्या, मग कॉपी करा. खात्री हवी असेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये "साइज" आणि "साइज ऑन डिस्क" हे दोन आकडे पाहा. पहिला मोठा आणि दुसरा जवळपास शून्य असेल तर माल अजून वरच आहे.

टप्पा २: मोजा आणि वहीत लिहा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि पुढे "सगळे चढले का?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि दोन आकडे टिपा: फाइली किती, आकार किती. कागदाची वही घ्या. कॉम्प्युटरचीच फाइल केली आणि कॉम्प्युटरच बसला तर ती वही काय कामाची?

वर्ष, फाइली, जीबी, हार्डडिस्कवर गेले, क्लाउडवर गेले, तपासले, असे सहा रकाने आखा. मोजताना "थम्ब्स" किंवा "डेस्कटॉप" नावाच्या लपलेल्या फाइलीही आकड्यात येतात. पूर्वी पिकासा हा गूगलचा फोटोंचा जुना प्रोग्राम वापरत असाल तर त्याच्याही असतील. हे फोटो नव्हेत. पुढे दोन-चार फाइलींचा फरक दिसला तर तो बहुधा यांचाच असतो. दोन-चारशेंचा दिसला तर मात्र थांबा.

डुप्लिकेट फोटो शोधून काढणारे प्रोग्राम या वेळी चालवू नका. पहिली प्रत सुरक्षित होण्याआधी डुप्लिकेट काढायला बसलेला माणूस मूळ फोटो उडवतो आणि व्हॉट्सॲपवाला ठेवतो, हे मी पाहिलेलं आहे. दहा-वीस जीबी जास्तीचे चढले तर चढू द्या.

टप्पा ३: क्लाउडच्या आधी हार्डडिस्क

क्लाउडवरच ठेवायचं तर हार्डडिस्क कशाला, असं विचारतात. कारण चढवताना जे काही चुकेल ते निस्तरायला एक स्वस्थ बसलेली प्रत लागते. बाहेरून जोडायची हार्डडिस्क घ्या, संग्रहाच्या दुप्पट तरी मोठी. पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका.

हार्डडिस्क जुनी असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये "फाइल सिस्टिम" पाहा. फॅट-३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तेवढा असतो. डिस्क रिकामी करून एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅटने तिच्यावरचं सगळं जातं, म्हणून आधी आत काय आहे ते नीट पाहा.

कॉपी झाली की हार्डडिस्कवरच्या फोल्डरांची मोजणी वहीतल्या आकड्यांशी ताडा. मग "सेफली रिमूव्ह" करून काढा आणि दुसऱ्या घरी नेऊन ठेवा. भाऊ, बहीण, मुलगी, कोणीही चालेल, पण शक्यतो दुसऱ्या वस्तीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. अशा पाण्यात कॉम्प्युटर आणि त्याच्याच टेबलाच्या खणातली हार्डडिस्क एकत्रच बुडतात. उन्हाळ्यात कूलरच्या समोरची जागाही डिस्क ठेवायला नको. वाळ्याच्या वासासोबत ओलही येते.

टप्पा ४: खातं कोणाचं, जागा किती

गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज हे तिघं वाटेकरी आहेत. "गूगल फोटोज फुकट आहे" हे १ जून २०२१ पासून खरं राहिलेलं नाही. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड ५ जीबी देतात. वहीतली बेरीज या आकड्यांच्या पुढे गेली की पैसे भरावे लागणारच. आजच्या बेरजेच्या दीडपट जागा घ्या, मोबाइलचे फोटो रोज वाढतातच.

सावध: गूगलची जागा भरली की त्या खात्याचं ईमेलही येणं बंद होतं. बँकेची, शाळेची, विजेच्या बिलाची मेल ज्या पत्त्यावर येते त्या खात्यावर जागा न वाढवता दीडशे जीबी ओतायला बसू नका.

खातं घरातल्या अशा माणसाचं असावं ज्याला पासवर्ड आठवतो. ऑफिसचं किंवा कॉलेजचं खातं अजिबात नको. नोकरी सुटली की फोटोही सुटले. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, चालू करा, आणि गूगल जे दहा बॅकअप कोड देतं ते त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा. रिकव्हरीला दिलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही पाहा. बाबांचं जुनं प्रीपेड सिम खणात पडून असतं. ९० दिवस वापरलं नाही तर ते बंद होऊ शकतं आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो.

याच काळात "तुमची जागा संपली, फोटो आज डिलीट होतील" अशा मेल येऊ लागल्या तर त्यातल्या लिंकवर जाऊ नका. ब्राउझर उघडून स्वतः खात्यात शिरा आणि पाहा. फसलातच तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा.

टप्पा ५: अपलोडचा हिशेब

इंटरनेटच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो डाउनलोडचा वेग. आपल्याला लागतो अपलोडचा. स्पीड टेस्ट घ्या आणि दुसरा आकडा पाहा. त्याला ०.४५ ने गुणलं की तासाला साधारण किती जीबी चढतील ते कळतं. अपलोड २० एमबीपीएस असेल तर तासाला ९ जीबी, म्हणजे १५० जीबीला जेमतेम १७ तास. ४ एमबीपीएस असेल तर तेवढ्यालाच ८३ तास, साडेतीन दिवस. आणि हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात दीडपट धरा. मोबाइलच्या रोजच्या २ जीबी डेटावर हे करायला निघालात तर अडीच महिने लागतील. तेवढ्यापुरतं घरात वायफाय असलेल्या नातेवाइकाकडे कॉम्प्युटर नेणं परवडतं.

टप्पा ६: कुठे चढवायचं आणि कोणत्या सेटिंगने

गूगलचा "ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप" हा प्रोग्राम घेतला तर तो फोल्डर जोडताना दोन पर्याय पुढे ठेवतो, आणि इथेच निम्मे लोक घसरतात.

"बॅक अप टू गूगल फोटोज" हा एका दिशेचा रस्ता आहे. खालून फोटो काढला तरी वरचा राहतो. काकूंनी हा निवडला असता तर त्यांचं नुकसान झालं नसतं. पण तुमची फोल्डरांची मांडणी तिथे उरत नाही, सगळे फोटो तारखेच्या एका लांबलचक पट्ट्यात जाऊन पडतात. सेल संपल्यावर ज्याची तारीख मागे जायची अशा जुन्या कॅमेऱ्याचे फोटो भलत्याच वर्षात दिसतील, आणि आजोबांचा १९६८ चा स्कॅन केलेला फोटो या वर्षीच्या गणपतीत.

"सिंक विथ गूगल ड्राइव्ह" मध्ये फोल्डर जसेच्या तसे राहतात, मोजणी ताडता येते, पण डिलीट दोन्हीकडे होतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या टप्प्यातली मेहनत ज्यांनी केली त्यांनी ड्राइव्ह घ्यावं आणि डिलीटचा धोका नवव्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे काढून टाकावा. ज्यांना फक्त मोबाइलवर चेहरा शोधून फोटो पाहायचे आहेत त्यांना फोटोज पुरे. दोन्हीवर टिक करू नका, तेच फोटो दोनदा जागा खातील.

फोटोज निवडलंत तर "ओरिजिनल क्वालिटी" ठेवा. "स्टोरेज सेव्हर" मध्ये १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात आणि व्हिडिओ १०८० पर्यंत खाली येतात. एकदा लहान झालेला फोटो वरून मोठा होऊन परत मिळत नाही.

टप्पा ७: वर्षावर्षाने चढवा

संपूर्ण फोल्डर एकदम जोडू नका. आधी दोनशे-तीनशे फोटोंचा एखादा छोटा प्रसंग घ्या, जोडा, चढू द्या आणि आठव्या टप्प्यातली तपासणी त्याच्यावर करून पाहा. सेटिंग चुकली असेल तर ती तीनशे फोटोंवर कळलेली बरी. मग एक-एक वर्ष.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये "स्लीप" ला "नेव्हर" करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते, कॉम्प्युटर झोपला की अपलोडही झोपतं. वायफायच्या सेटिंगमध्ये "मीटर्ड कनेक्शन" चालू असेल तर बंद करा, त्यामुळे काही प्रोग्राम मुकाट्याने थांबून राहतात.

आपल्याकडे मे महिन्यात वादळ आलं की लाईन जातेच. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो, राउटर मात्र साध्या प्लगवर, मग कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. वीज कडाडायला लागली तर सरळ थांबवा आणि प्लग काढा, सिंकचा प्रोग्राम थांबला तिथून पुढे सुरू करतो. ब्राउझरमध्ये फोल्डर ओढून टाकण्याची पद्धत मात्र अशी सावरत नाही, म्हणून मोठ्या संग्रहाला ती वापरू नका. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर दिवसा चढवूच नका. पंचेचाळीस अंशांत बंद खोलीतला सीपीयू रात्रंदिवस राबवण्यापेक्षा रात्री दहा ते सकाळी सहा पुरे.

तपासा: रोज सकाळी प्रोग्रामच्या चिन्हावर क्लिक करून "एरर" ची यादी वाचा. फाइलचा पत्ता फार लांब असणं, फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी असणं, जागा संपणं, ही नेहमीची कारणं. ती यादी रिकामी झाल्याशिवाय पुढचं वर्ष जोडू नका.

टप्पा ८: परत उतरवून पाहा

हिरव्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं या टप्प्यापुरतं ठरवून टाका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये खातं उघडा. आपल्याच मशीनवर पाहाल तर खालचीच प्रत उघडेल आणि तुम्ही खूश व्हाल. कॉम्प्युटरवरून चढवलेले फोल्डर ड्राइव्हमध्ये "कॉम्प्युटर्स" या नावाखाली असतात. "माय ड्राइव्ह" मध्ये शोधून घाबरणारे बरेच आहेत.

प्रत्येक वर्षातला एक प्रसंग निवडून तो फोल्डर डाउनलोड करा. झिप उघडा, फाइली मोजा, वहीशी ताडा. त्यातले पाच फोटो पूर्ण मोठे करून पाहा. मग एका फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये बाइट्सचा आकडा मूळ फोटोशी जुळतो का पाहा. एका बाइटचाही फरक नको. फरक असेल तर फोटो दाबला गेला आहे. सगळ्यात मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून बघा, अर्धवट चढलेला व्हिडिओ पहिली दोन मिनिटं छान चालतो.

गूगल फोटोजवाल्यांची मोजणी जुळणार नाही, कारण हुबेहूब सारखे फोटो तिथे एकदाच ठेवले जातात. त्यांनी प्रत्येक वर्षाचा पहिला, मधला आणि शेवटचा प्रसंग तारखेने शोधून पाहावा.

सगळं जुळलं की त्या वर्षापुढे "तपासले" च्या रकान्यात तारीख टाका.

टप्पा ९: आधी दुवा तोडा, मग डिलीट

ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या वर्षाच्या फोल्डरचं सिंक थांबवा. सिंक थांबवल्याने वरचे फोटो जात नाहीत. पाच-दहा मिनिटांनी ब्राउझरमध्ये ते अजून आहेत हे पाहा. आता तुमच्या हातात खरा बॅकअप आला, कारण खाली काहीही केलं तरी वर त्याचा परिणाम होत नाही.

पहिल्या टप्प्यात जिथून कॉपी केले होते ते विखुरलेले फोल्डर आता काढता येतील. पिक्चर्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल तर तिथलं डिलीटही वर जातं हे लक्षात ठेवा, आणि घरातल्या बाकीच्यांना विचारून मगच काढा. "घरचे फोटो" हा फोल्डर मात्र जागा असेपर्यंत राहू द्या. तो काढायचाच असेल तर हार्डडिस्क एकदा जोडून उघडते ना ते पाहिल्यावर.

चूक झालीच तर दिवस मोजा: ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस, गूगल फोटोजवर चढलेल्या फोटोंना ६० दिवस, घरगुती वनड्राइव्हला ३० दिवस. कळल्याबरोबर आधी कॉम्प्युटरवरचं सिंक थांबवा, मग ब्राउझरमधून "रिस्टोअर" करा.

टप्पा १०: पुढची देखभाल

नवे फोटो चालू वर्षाच्या फोल्डरात टाका आणि तेवढा एकच फोल्डर जोडलेला ठेवा. वर्ष संपलं की तपासा, दुवा तोडा, पुढचा जोडा. दसऱ्याला कॉम्प्युटरला हळदकुंकू लावतोच, त्या दिवशी बहिणीकडची हार्डडिस्क आणून नवे फोटो तिच्यावर घ्या आणि परत पाठवा.

वर्गणी कोणत्या कार्डावरून जाते आणि ते कार्ड कधी संपतं, हे वहीत लिहा. जागेपेक्षा जास्त माल दोन वर्षं तसाच राहिला तर गूगल तो काढू शकतं, आणि दोन वर्षं कोणीच न उघडलेलं खातंही. म्हणून घरातल्या दुसऱ्या एका माणसाला वही कुठे आहे ते दाखवा, आणि एकदा त्याच्याच हाताने, तुमच्या मदतीशिवाय, एक फोटो खाली उतरवून घ्या.